पहिला कप

सूर्य मावळला आणि खुर्शीदआत्यांनी चहाचा पहिला कप माझ्याच हातात दिला. मी ओशाळले.

माझ्या सासरच्या बहाई धर्मातले मार्चमधले उपवास चालू होते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही. माझा उपवास मात्र तापामुळे मोडला होता. आजाऱ्याला मुभा असते, तरी आत्यांच्या, म्हणजे माझ्या आत्येसासूबाईंच्या, घरी सगळे जमलेले असताना मी दारापाशीच टेकले होते. माहेरी जो तो विचारायचा, "आज उपास ना गं?" ती धास्ती अजून जात नाही.

इथे कुणी विचारलंच नाही. सगळे आपापली प्रार्थना एकेकटे करून आले आणि चहाभोवती बसले.

"आत्या, मी दुपारी खिचडी खाल्लीय," मी पुटपुटले.

"मीही खाल्ली. सत्तरी उलटली माझी, मलाही माफ आहे. म्हणून काय चहा एकटीने प्यायचा?"

उपवास आणि प्रार्थना ज्याची त्याची. सूर्य मावळायची वाट मात्र सगळ्यांनी मिळून बघायची. एवढं साधं होतं तर!

मी दारापासून उठले, सतरंजीवर सगळ्यांच्या मधे मांडी घालून बसले आणि दुसरा कप मागून घेतला.