उजवीकडची खिडकी

दाजी गेल्याचं मला करकंबला कळलं ते त्यांच्याच मोटारीनं. दुपारी शाळेसमोर गाडी थांबली, पण नेहमीसारखा भोंगा वाजला नाही, म्हणून मी वर्गातून बाहेर आलो. ड्रायव्हरच्या जागेवर दुसराच माणूस. तो खाली उतरला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं दाजी गेलं. दोनच दिस ताप हुता..." त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. शिकवता शिकवता फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारतो, जेवताना ताटावरून उठतो. 

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. सोलापूर ते करकंब त्यांची सर्व्हिस मोटार चालायची आणि तिच्यात कुणी कुठं बसायचं ते दाजी ठरवायचे. "सकाळी जाताना डावीकडं बसा, ऊन लागायचं न्हाय." फौजदार असला तरी त्याला उठवून पलीकडं बसवायचे. माणसं कुरकुरायची, पण करकंबला उतरताना दाजींचंच खरं निघायचं. त्यामुळं बसण्याच्या जागेविषयी आपलं कधी चुकू शकतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सोलापूरच्या माळावर विमान आलं. तिकीट काढलेल्यांना बसवून गावावरून एक फेरी मारून आणायचे. अक्का तेव्हा क्षयानं अंथरुणाला खिळलेली. मोकळी हवा मिळावी म्हणून भवानी पेठेतल्या घराच्या गच्चीवर तिची खाट टाकलेली होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मला काय जमतंय आता. तुमी दोघं जावा. वरनं मी कशी दिसती, तेवढं बघून या." दाजींना दुसरं काही सुचेना. घर ओळखू यावं म्हणून तिचं पिवळं लुगडं कठड्यावर पसरलं. आणि जागा? ती त्यांनी पक्की केली, उजवीकडची. "मधी देवाचं तळं हाय. त्याला उजवी घालूनच फिरणार की. इमान चालवणारा सायेब असला म्हणून काय झालं?" मी शिकलेला माणूस, पण मलाही ते पटलं. उलटी प्रदक्षिणा कुणी घालेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. "तुला निस्ता माळ दिसंल," मला डावीकडं बसवताना ते म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नको."

पहिल्याच फेरीला आम्ही बसलो. विमान वर चढलं आणि डावीकडं कललं. माझ्या काचेत तळं आलं, किल्ला आला, गिरण्यांची धुराडी आली आणि मग भवानी पेठ. पिवळं लुगडं लांबूनच दिसलं. त्याच्याशेजारी अक्का होती. पाणी प्यायलाही जिला आधार देऊन बसवावं लागायचं, ती कठडा धरून उभी होती आणि हात हलवत होती. मी तिच्याकडं बघतच राहिलो. दाजींच्या खिडकीत नुसतं आभाळ होतं.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "दिसली?" उभी होती म्हटल्यावर ते तिथंच मातीत बसले. घरी अक्का खाटेवर धापा टाकत होती. "दिसले का मी?" दाजींनी क्षणभरही वेळ लावला नाही. "दिसलीस की. उभी हुतीस. हात हालवत हुतीस." अक्काचा चेहरा असा फुलला की मी तोंड फिरवलं. दिवसभर ती त्यांच्याकडून तेच वदवून घेत होती. पुढच्याच चैत्रात ती गेली.

पुढं दाजी माझ्याकडून वदवून घ्यायला लागले. मोटार करकंबला आली की शाळेच्या फाटकाशी उभे. "सांग की परत..." मी सांगायचो, आणि दरवेळी एक गोष्ट गाळायचो. वर असताना कुणीतरी माझी बाही ओढत होतं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण बाही ओढलेली कळते. ओढणारे कोण हेही कळत होतं. अंग जरा मागं घेतलं असतं तर त्यांना ती दिसली असती. मी काचेवरून तोंड हलवलं नाही. मला लाज वाटायची, आणि त्यांना वाटत असेल की बघण्याच्या नादात मला कळलंच नाही, असं मी धरून चाललो होतो.

ते जायच्या आधी पंधरा दिवस शाळेत तपासणी होती. मी गडबडीत होतो. दाजी आले, तसा मी डाफरलो, "दाजी, किती वेळा तेच ते?" ते रागावले नाहीत. "बरं," म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळले. "त्या दिशी मी बाही वढत हुतो अन् तू सरकला न्हाईस. म्या तुझ्या जागी असतो तर म्याबी सरकलो नसतो. ती उभी असताना कोण सरकंल, बाबा?" मग मोटारीत चढून एका म्हातारीला त्यांनी दुसऱ्या बाजूला बसवलं आणि गाडी हलवली.

म्हणजे चार वर्षं त्यांना ठाऊक होतं. तरी ते माझ्याच तोंडून ऐकायला येत होते. एकदा तरी त्यांनी मला शिवी घातली असती, तर मी आज चार घास बसून जेवलो असतो.