‘कोणी नाही’ एवढंच म्हणायचं होतं

तुमच्या तिकडची पालिका रस्त्यावर झोपणाऱ्यांना शोधून निवाऱ्याला नेते, असं तुम्ही फोनवर सांगितलंत आणि विचारलंत, आजी, तुमच्या वेळी असं कोणी करायचं का? करायचे. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी पाहिलं, ते सांगते.

आम्ही तेव्हा शहरातल्या धंतोली भागात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. समोर एक खाजगी हॉस्पिटल. रोग्याजवळ रात्री कोणाला थांबू देत नसत, म्हणून बाहेरगावचे नातेवाईक त्याच्या भिंतीला लागून फुटपाथवर पथाऱ्या टाकत. त्या वर्षी पालिकेने लकडगंजच्या बाजूला एका रिकाम्या गोदामात रात्रीचा निवारा उघडला. लोक त्याला रैनबसेरा म्हणत. नियम असा, की ज्याचं कोणी नाही त्याला तिथे जागा आणि ज्याचं कोणी आहे त्याला एस.टी.त बसवून गावी रवाना. नियम करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. जागा थोडी होती. घर असलेल्याने घरी जावं, इतका सरळ विचार.

त्या भिंतीशी काटोलकडची एक बाई होती, तिशीची असेल. नवरा संत्र्याच्या बागेत राखणदार. झाडावरून पडून त्याची कंबर मोडली, बागमालकाने इथे आणून टाकलं आणि बागेतल्या त्यांच्या झोपडीत दुसरा राखणदार बसवला. म्हणजे गाव होतं, पण गावात छप्पर नव्हतं. ती सकाळ-संध्याकाळ आत जाऊन नवऱ्याला भरवायची, बाकी वेळ भिंतीशी. आमच्या जिन्याखाली तिला झोपू द्यावं म्हणून मी घरमालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, “आज एक येईल, उद्या अख्खा फुटपाथ येईल.”

फुटपाथवरच्यांना न्यायला उद्या पालिकेच्या गाड्या येणार असं कळलं, तेव्हा मी संध्याकाळी खाली उतरले आणि तिला सगळं समजावलं. “साहेब विचारतील, तुझं कोणी आहे का? तू म्हण, कोणी नाही. मग रात्री रैनबसेऱ्यात झोप आणि सकाळी चालत इथे ये.”

तिचा हात कपाळाच्या कुंकवाकडे गेला. “हे काय बोलून राहिल्या बाई? मालक जिता हाय माहा. मी कशी म्हणू, कोणी नाही?”

शेजारी दातवण विकणारी म्हातारी बसली होती. ती खो खो हसली. “अवं, तुह्या म्हणण्यानं मरते का तो? मी तर मागच्या खेपेले पोराले, सुनेले, समद्याइले मारून टाकलं. टुणटुणीत हायेत मेले! अन् मले कांबळ भेटलं.”

“तुमचं चालते, आजी. माहा मालक आत खाटेवर हाय. अशा टायमाले असं तोंडातून काढू काय?”

“मंग बस थंडीत कुडकुडत, सावित्रीबाई!” म्हातारी म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या. तीही थोडी हसली, पण मान हलवतच राहिली.

सकाळी गाड्या आल्या. पालिकेचे इन्स्पेक्टर तरुण होते, मफलर गुंडाळलेले. मी त्यांना गाठलं आणि मुद्दाम इंग्रजीत बोलले. त्या काळी इंग्रजीत बोललं की माणूस निदान थांबत असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मॅडम, मला कळतं. पण नवरा आहे हे ठाऊक असताना ‘कोणी नाही’ असं मी कसं लिहू? तिने नुसतं नाही म्हणावं, मी लगेच बसवतो.”

आणि खरंच त्यांनी तिला संधी दिली. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग आवाज खाली करून म्हणाले, “बाई, नीट विचार करून सांग. तुझं कोणी आहे का?”

तिने पदर डोक्यावर घेतला आणि हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे बोट केलं. “हायेत न जी. ते काय, आत हायेत.”

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दातवणवाली म्हातारी रैनबसेऱ्याच्या गाडीत चढली आणि हिला बसस्टँडच्या गाडीत बसवलं. चढता चढता तिने भाकरीचा डबा माझ्या हातात दिला. “त्याइले द्याल बाई. अन् सांगाल, मी येतो म्हणून.”

मी भेटीच्या वेळेला आत गेले. तिचा नवरा उताणा पडलेला, मान तेवढी वळत होती. डबा ओळखून त्याने माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

“ते कुठं हाय?”

“गावाला गेली. येते म्हणालीय.”

“गावाले?” तो म्हणाला. “कोणाकडं?”

मी काटोल म्हणाले. त्याने पुन्हा तेच विचारलं, कोणाकडं. मी भाकरी मोडून त्याच्या तोंडाशी नेली. त्याने तोंड उघडलं नाही. दाराकडे बघत म्हणाला, “ते आली की खाईन.”

ती त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोन्ही वेळा डबा नेत होते आणि तो तसाच घरी परत आणत होते. मग एका सकाळी त्या खाटेवर दुसराच माणूस होता. नर्सबाई म्हणाल्या, मेडिकलला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. मी मेडिकललाही जाऊन आले. तिथल्या एवढ्या वॉर्डांत तो मला सापडला नाही. आणि माझ्या नजरेआड ती परत आली असेल तर तिला हे सांगायला त्या भिंतीशी ओळखीचं कोणी उरलं नव्हतं.