कुरणातली राणी

आमच्या दंडारीत, म्हणजे नाच-गाण्याच्या खेळात, मी राजा व्हायचो आणि दुधराम राणी. मी बरा राजा होतो, असं आजही म्हणेन. पण तो पदर सावरत पुढे आला, की राजाकडे कोण बघतो! वर्षभर मात्र हीच राणी गावाचा गायकी, म्हणजे गुराखी होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, दंडारीला बोलावणी येतात. आम्ही गाड्या जुंपून महिनाभर हिंडायचो. दुधराम तेवढा आमच्याच गावच्या मंडईत नाचायचा. गुरं टाकून तो जाणार कसा?

सडक अर्जुनीपासून आत, जंगलाला लागून आमचं गाव. पंचावन्न-छप्पनचा सुमार. गुरं जमायची त्या आखरावर कुसळी गवताखेरीज काही उगवत नव्हतं. म्हणून कळप डोंगराकडे न्यावा लागे, आणि तिथे बिबट्या. दुधरामशिवाय तिकडे जायला कोणी धजत नसे.

एकदा त्यानं केशोराव पाटलांना विचारलंच, "पाटील, मले महिनाभर दंडारीसंगं जाऊ द्या जी."

"अन् ढोरं कोण नेईल? तुयी राणी?"

चावडी हसली. पाटलांना त्याची थोडी दया आली असावी. म्हणाले, "गावाजवळ चारा करून दे. मंग एखादा म्हाताराबी ढोरं राखंल. तू जाय नाचाले."

ते बोलून विसरले. दुधराम विसरला नाही. ग्रामसेवकाकडून त्यानं मारवेल गवताचं बी आणलं. नांगर कोण देणार? त्यानं बोरीच्या काटेरी फांद्या बांधल्या, वर दगड ठेवला आणि ते झाकर तो आणि त्याची बायको रुख्मा आखरावर ओढत फिरले. कुसळीच्या अधूनमधून माती खरवडून निघाली. तिच्यात त्यांनी बी फेकलं आणि सगळ्या माळाला काट्यांचं कुंपण घातलं.

तो पावसाळा गुरांना आखर बंद. लोक येता-जाता टोमणे मारत, "काऊन गा दुधराम, गवताले पहारा अन् ढोरं उपाशी?" तो म्हणायचा, "एक साल थांबा बाप्पा."

दिवाळीला मारवेल विरळच, पण तुऱ्यावर आली होती; बी अजून झडायचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी गायगोधन! सजवलेली गुरं आखरावर आणून शेणाच्या गोधनावरून नेतात, तो दिवस. कळपापुढे चालण्याचा मान गायक्याचा. ज्या गवतासाठी त्यानं गावाची बोलणी खाल्ली, त्याच्यावर गावची गुरं त्यालाच घालायची होती.

"औंदा गोधन नाल्याकाठी मांडू जी," तो हात जोडून म्हणाला.

म्हातारे यादोराव उसळले, "देवाची जागा हालवतं का रे, तुया नाचासाठी?"

गोधन आखरावरच ठरलं. पहाटेपासून त्यानं आणि रुख्मानं हाती लागले तेवढे तुरे ओरबाडून टोपलीत भरले. मग डोक्याला फेटा बांधून तो कळपापुढे चालला. डफ वाजत होते, लोक तांदूळ उधळत होते, आणि दुधराम वाटेवर मुठी मुठी बी टाकत होता. मागून खुरं ते मातीत दाबत होती. त्याच्या चेहऱ्यावर मानकऱ्याचं हसू होतं. रुख्मा मात्र कुंपणाशी पाठमोरी उभी होती.

कुंपण पुन्हा घातलं. पुढच्या पावसात आखर असं दाटलं, की वासरू बसलं तर दिसेना. गावात दूध वाढलं. दुधरामनं अंगरखा धुतला, घुंगरांचा बटवा काखेत मारला आणि पाटलांकडे गेला.

"जाऊन राहिलो जी."

"अरे, कुठं जातोस?" पाटील खरंच चकित झाले. "आजूबाजूच्या गावांचे डोळे लागले ना कुरणावर. तू गेलास की दोन दिवसांत साफ! बी पाडून झालं की अर्धं राखायचं, अर्धं चारायचं, हे दुसऱ्याले काय कळते? आता तर तुले सोडताच येत नाही बाप्पा."

ते प्रेमानं बोलले, आग्रहानं चहा पाजला. दुधराम चहा प्यायला आणि बटवा घेऊन परतला.

त्या साली आमच्या गावची मंडई कुरणाच्या काठालाच भरली. भर दुपारी आमचा प्रवेश रंगला होता. राणी राजावर रुसली आहे, मी मनधरणी करतो आहे. राणीचं लक्ष मात्र माझ्यात नव्हतं. एक कान कुरणाकडे. तिकडून गुराच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज आला, आणि राणीनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून मंचावरून उडी टाकली.

"हैऽ हैऽ! कोणाचं रेडं आहे बे?"

माणसं पोट धरून हसली. त्यांना वाटलं, हाही खेळच. मीही राजासारखा हात पुढे करून हाक दिली, "राणीसरकार, परत या!"

"येऊन राहिलो जी!" गवतातून आवाज आला. "हे आवरलं की आलो!"

रेडा कुरणाबाहेर गेला. फटीत काटे कोंबायला दुधराम खाली बसला. मी ढोलकीवाल्याला खुणेनं चालू ठेवायला सांगितलं आणि राणीच्या रिकाम्या पाटाशी बोलत उरलेला प्रवेश एकट्यानं केला. मधूनमधून कुंपणावर त्याचा लाल पदर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या गाड्या पुढच्या गावाला निघाल्या, तेव्हा त्यानं कुरणातूनच हात केला. लुगडं त्यानं धुऊन दंडारीच्या कपड्यांच्या पेटीत ठेवलं होतं.