गुडघ्यांचा गुरुवार

परदेशात येऊन वसलेल्या सोमाली निर्वासितांनी भरलेल्या सीडरच्या टॉवरमध्ये दहाबोला नावं ठेवणारे पुष्कळ होते आणि दहाबो त्यांना काडीची किंमत देत नव्हती. दर गुरुवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ती वेलदोड्याच्या चहाचं मोठं भांडं ठेवायची आणि टॉवरभर निरोप पाठवायची, ‘ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी या.’

गुडघा मुद्दाम. सोमाली हिशेबात माणूस एक तर शहाणा, नाही तर ‘वाली’, म्हणजे ठार वेडा. मधली पायरीच नाही. घरात कुणी वाली निघालं की त्या घरच्या पोरीला मागणी येत नाही. मग जिची पोरं मोगादिशूच्या मातीत गेली आणि उमेदीची वर्षं छावणीतल्या ताडपत्रीखाली, ती म्हातारी ‘माझं मन दुखतंय’ असं कुठल्या तोंडाने म्हणेल? तिचा गुडघा दुखतो.

“काय गं, कसा आहे गुडघा?”

“काल पहाटेपर्यंत रडत होता मेला.”

“माझा तर नवऱ्यालाच शिव्या देतो.”

“तो चांगला आहे मग. त्याला काही करू नकोस.”

हसता हसता एखादी पदराआड डोळे पुसायची. कुणी बघितल्यासारखं करायचं नाही, हा तिथला एकच नियम.

उगासो या हिवाळ्यात हसेनाशी झाली. बाराव्या मजल्यावर मुलाकडे, लीबानकडे राहायची. छावणीत पाण्याच्या रांगेत भल्याभल्यांची तोंडं बंद करणारी बाई, आता ताटातली अंजेरोची पोळी तशीच ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायची. हा रोग चहाने जाणारा नाही हे दहाबोने ओळखलं. हाता-पाया पडून, मग शिव्या घालून तिने उगासोला दवाखान्यात जायला तयार केलं. लीबानने गाडी काढली. डॉक्टरच्या खोलीत घरचा एकच माणूस चालतो म्हणाले. लीबान आत गेला, दहाबो बाहेर.

उगासो बाहेर आली ती हातात मलमाची नळी घेऊन.

“हे काय?” दहाबोने विचारलं.

“त्यांनी विचारलं काय होतंय. मी सांगितलं, गुडघा फार जड झालाय, आता ओढत न्यावासा वाटत नाही. फोनवरच्या दुभाष्या पोरीने ते इंग्रजीत सांगितलं. मग फोटो काढला गुडघ्याचा.”

“अगं, तिथे कशाला गुडघा म्हणालीस?”

“तूच शिकवलंस ना? आणि लीबान शेजारी बसला होता.”

फोटोत गुडघे पोरीसारखे निघाले. झालं, लीबानला हेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी टॉवरच्या लिफ्टपाशी त्याने दहाबोला गाठलं. नमाजाहून परतणारी माणसं उभी होती.

“मावशी, आईला काही झालेलं नाही. डॉक्टरनेच सांगितलं. एक तर नखरे, नाही तर जिन्न. तिकडे मायदेशी बोसासोला एक शेख आहे, कुराण पढून जिन्न उतरवतो. तिला तिकडे धाडतो.”

“पढायचं तर इथे पढ ना, तिच्या उशाशी बसून. तिलाही बरं वाटेल. असल्या शेखांच्या घरात आजाऱ्याला खांबाला बांधतात रे. माझा सख्खा भाऊ तसल्याच घरात बांधलेला मेला.”

“म्हणजे त्यालाही जिन्नच होता.”

दहाबोचं डोकं सटकलं. “जिन्न तुझ्या अकलेला लागलाय. तुझी आई आजारी आहे. पुन्हा ने तिला, मी आत बसते.”

“कसला आजार? नाव सांग.”

ती शब्द शोधत राहिली. इतकी वर्षं ज्याच्यावर पांघरूण घातलं त्याला दुसरं नावच तिने कधी दिलं नव्हतं. माणसं कान टवकारून उभी, लीबान ओठ मुडपून हसत होता. ते हसणं तिला सोसलं नाही.

“वाली,” ती म्हणाली. “घे. आई वाली आहे तुझी.”

लीबानचं हसू पुसलं गेलं. घरात थोरल्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालू होती. तो लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेला, आणि तिकिटाचं जे अजून नुसतं तोंडी होतं ते त्या संध्याकाळीच पक्कं झालं.

त्या गुरुवारी हॉलमध्ये चिटपाखरू फिरकलं नाही. ‘वाली’ बायकांची खोली म्हणून टॉवरभर बोभाटा झाला होता. निरोप घेऊन दहाबो दारोदार गेली तर आतून उत्तर, “आमचे गुडघे चांगले आहेत बाई.”

उगासो निघाली त्या सकाळी दहाबो बर्फात गाडीपाशी उभी राहिली. लीबानने तिच्याकडे बघितलं नाही. उगासोने काच खाली केली.

“माझ्यामुळे झालं,” दहाबो म्हणाली.

“नाही गं. बरं केलंस. आता कसं वाटतंय म्हणून कुणी विचारणार नाही.”

हे ती रागाने म्हणाली असती तर दहाबोने ऐकून घेतलं असतं. रागाचा मागमूस नव्हता. लीबानने पुढून बटण दाबलं, काच वर गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी दहाबो तिथेच उभी होती. बाजूने जाणाऱ्या दोन बायकांनी तिला टाळायला रस्ता ओलांडला.