टीबीच्या गोळ्या कुठायत?

माझे सासरे भगवान शेजवळ, म्हणजे आमचे आबा, एकतीस वर्षं जकात नाक्यावर कारकून होते. त्यातली बरीच वर्षं शीळफाट्याकडच्या रस्त्यावर. बिलात साबण लिहिलेला आणि ताडपत्रीखाली तांब्याची तार, असले ट्रक त्यांनी इतके उघडून पाहिलेले की कागदावरच्या अक्षरावर त्यांचा विश्वासच बसायचा नाही. रिटायर झाल्यावरही ही खोड गेली नाही. मी लग्न होऊन विठ्ठलवाडीच्या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात, मी निवडून डब्यात भरलेली तूरडाळ त्यांनी परातीत ओतून बघितलेली. मला रडूच आलेलं. सासूबाई, शालन त्यांचं नाव, मला म्हणाल्या, "मनावर नको घेऊस, पायल. चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून माझा चहा आधी वास घेऊन पितात."

नाक्यावरचा डिझेलचा धूर आणि वर विडी, यांनी आबांची छाती कधीच पोखरून टाकलेली. विडी सोडून दहा वर्षं झाली होती, तरी दुसऱ्या मजल्यावर यायला ते तीनदा थांबायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. ऑपरेशनच्या आधी छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या बाजूला वर एक ठिपका दिसला. मग सीटी स्कॅन झाला, मग सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट घेऊन माझा नवरा राजरत्न घरी आला आणि मला मोरीत बोलावून दार लावून म्हणाला, "कॅन्सर आहे. लहान आहे, पसरलेला नाही. पण आबांना सांगायचं नाही. ऐकूनच खचतील."

"मग काय सांगायचं?"

"टीबीचा जुना डाग आहे म्हणून सांगू."

मी नको म्हटलं नाही, हे इथे सांगून टाकते. सासूबाईंनाही आम्ही तेच सांगितलं.

आबांनी ते ऐकून घेतलं. चार दिवस नुसते आमच्याकडे बघत राहिले. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "टीबी आहे ना मला?"

"हो आबा. जुना डाग," राजरत्न म्हणाला.

"मग टीबीच्या गोळ्या कुठायत? आमच्या नाक्यावरच्या सखारामला झालेला टीबी. मूठभर गोळ्या खायचा रोज सकाळी. त्याच्या बायकोने त्याचं ताट-पेला वेगळा केलेला. तुम्ही माझा पेला वेगळा नाही केलात."

"डॉक्टर म्हणाले, अजून गरज नाही."

"कुठला डॉक्टर? नाव सांग."

राजरत्न पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने उठला. मी मान खाली घालून भात कालवत बसले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर आबांनी कपाटातली फाईल काढली. इंग्रजी बिलं वाचण्यात त्यांची हयात गेलेली. रिपोर्टातला एक लांबलचक शब्द त्यांनी कागदावर जसाच्या तसा उतरवून घेतला आणि स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याला नेऊन दाखवला. तो बिचारा म्हणाला, "कोणाला झालंय काका?" आबा म्हणाले, "मला." मग त्याने अर्थ सांगितला.

संध्याकाळी मी घरी आले तर आबा दारासमोर खुर्ची टाकून बसलेले. सासूबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. "मला येडं समजलात का?" आबा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "ट्रकवाले खोटं बोलायचे, त्यांचा धंदा होता तो. तुमचं काय अडलेलं?"

त्या दिवसापासून घरात कोणाच्याच बोलण्यावर त्यांचा भरवसा उरला नाही. फोनवर बोलताना आम्ही गॅलरीत गेलो की ते मागे येऊन उभे राहायचे. डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या उशीखाली ठेवायला सुरुवात केली. मी आणलेली खोकल्याची बाटलीसुद्धा ते आधी सील बघून मगच उघडायचे.

घोडबंदर रोडवरच्या हॉस्पिटलात सर्जनने त्यांना तपासलं. नळीत फुंकर मारायला लावून श्वासाचं माप घेतलं. ते इतकं कमी आलं की सर्जन म्हणाले, गाठ काढण्यासारखी आहे, पण ऑपरेशन या छातीला झेपणार नाही. त्यांनी आम्हाला डॉक्टर सोनलकडे पाठवलं. त्या रेडिएशनच्या डॉक्टर. त्यांनी समजावून सांगितलं की रेडिओसर्जरी नावाचा उपाय आहे. नाव सर्जरीचं, पण सुरी नाही. चारी बाजूंनी बारीक किरण बरोबर गाठीवर सोडायचे. फक्त पाच वेळा, एक दिवसाआड.

आबांनी विचारलं, "दुखतं?"

"नाही."

"केस जातात?"

"नाही. छातीपुरतंच असतं ते."

"ॲडमिट?"

"गरज नाही. त्याच दिवशी घरी जायचं."

आबा फाईल घेऊन उठले. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाले, "कापत नाहीत, टोचत नाहीत, दुखत नाही, केस जात नाहीत. मग करतात काय? म्हाताऱ्याची समजूत घालतात. सर्जनने मला मोडीत काढलंय आणि तुम्ही त्या बाईला सांगून ठेवलंय की काहीतरी मशीनखाली झोपवा."

"आबा, शप्पथ, असं काही नाही," मी म्हटलं.

"तुमची शप्पथ ऐकली मी मागे. टीबीची."

मी रिक्षावाल्याला वळण सांगितलं.

पुढच्या मंगळवारी आबा घरातून गायब झाले. सासूबाईंना वाटलं पेपर आणायला गेले असतील. अकरा वाजले तरी पत्ता नाही, फोन घरातच. इनहेलरही खिडकीत तसाच. राजरत्न अंबरनाथच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता. मी कामावरून सुट्टी टाकून स्टेशन, बाग, बुद्धविहार सगळीकडे फिरले. दीड वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. "भगवान शेजवळ तुमचे कोण? ते इकडे आलेत. बरे आहेत, घाबरू नका."

हॉस्पिटलातून फोन होता. बहात्तर वर्षांचा माणूस, चार पावलं टाकली की दम लागतो, तो दोन बस बदलून घोडबंदरला एकटा गेलेला. पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये माझी रिक्षा पाऊण तास अडकली तेव्हा मी त्यांच्यावर खूप चिडलेले, आणि पोचल्यावर ते धडधाकट दिसले तेव्हा आधी सासूबाईंना फोन करून सांगितलं.

डॉक्टर सोनलच्या खोलीत बसलेले ते. काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. सकाळी जाऊन ते आधी बाहेरच्या बाकांवर बसले आणि रेडिएशनला आलेल्या पेशंटना एकेक करून विचारत राहिले: कधीपासून येता, काय वाटतं, डॉक्टर काय सांगतात, तेच सगळ्यांना सांगतात का. मग थेट आत जाऊन डॉक्टरांना म्हणाले, "घरचे कोणी नाहीत आज. आता खरं सांगा. त्यांनी तुम्हाला काय बोलायला लावलंय?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी आबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये स्वतः त्यांच्याबरोबर चालल्या. एक फेरी, दुसरी फेरी. तिसरीला आकडा शहाऐंशीवर घसरला. तो आबांना दाखवून त्या म्हणाल्या, "काका, नुसतं चालून हे. फुफ्फुसाचा एक भाग कापून काढला तर तुम्ही टेबलावरून उठाल याची मला खात्री नाही. म्हणून ऑपरेशन नाही. मोडीत काढायचं असतं तर मी एवढे स्कॅन केले नसते."

"मग या लाईटने जाईल गाठ? खरं सांगा."

"बहुतेक जाईल. गाठ लहान आहे, चांगली शक्यता आहे. पण शंभर टक्के म्हणणार नाही. फुफ्फुसाला सूज येऊ शकते, खोकला वाढू शकतो, कधी बरगडी दुखते. आणि तुमचा दम यानं सुधारणार नाही, तो आहे तसाच राहील."

आबा मला म्हणाले, "बाई पूर्ण बोलली. उणं काय ते पण बोलली."

तरीही ते निघाले नाहीत. मशीन बघू द्या, म्हणाले. तिथे प्रेम नावाचा फिजिसिस्ट होता, मशीनमधून किती किरण कुठे जातात त्याचा हिशेब बघणारा. जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं होतं, म्हणून त्याने दहा मिनिटं दिली. प्लॅस्टिकच्या जाड लाद्या दाखवल्या. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी या लाद्यांवर किरण सोडून आकडा बरोबर येतो का ते बघतात. नाही आला तर पेशंट घेत नाहीत.

"म्हणजे मशीनवर तुमचा विश्वास नाही?" आबांनी विचारलं.

"अजिबात नाही, काका," प्रेम म्हणाला. "रोज तपासतो."

मी डॉक्टरांच्या खोलीत शिरले तेव्हा प्रेम तिथे आलेला, आणि आबा त्या पोराकडे असे बघत होते की, इतक्या वर्षांत घरातल्या कोणाकडे त्यांना तसं बघताना मी पाहिलं नव्हतं. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "कधी बोलावलंय विचार."

मग तयारी झाली. हवा काढली की कडक होणाऱ्या गादीत त्यांना झोपवून अंगाचा साचा घेतला. छातीवर सुईने तीन बारीक ठिपके गोंदले. श्वासाबरोबर गाठ हलते, ती कमी हलावी म्हणून पोटावर पट्टा आवळला, आणि तशा अवस्थेत स्कॅन काढला. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांनी ते बाहेर आले. चेहरा पडलेला.

"काय झालं आबा?"

"चालूच नव्हतं. नुसतं घूं घूं करत फिरत होतं. मला काहीच कळलं नाही."

मी प्रेमला शोधून आणलं. त्याने पडद्यावर आबांची गाठ दाखवली, तिच्याभोवती काढलेली रेघ दाखवली, आजचा आकडा दाखवला. आबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. पुढचे चारही दिवस ते बाहेर आले की आधी तो आकडा विचारायचे. तिसऱ्यानंतर थकवा आला, घरी येऊन संध्याकाळपर्यंत पडून राहायचे. पाचव्यानंतर सासूबाईंनी खीर केली. आबा वास घेऊन प्यायले.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेलेले. बसस्टॉपवर उभ्या उभ्या उघडला. त्यात लिहिलेलं की गाठीच्या जागी आधीपेक्षा मोठी सावली दिसते. मी राजरत्नला फोन लावला. तो म्हणाला, "डॉक्टरांना भेटेपर्यंत आबांना सांगू नको. सगळं नॉर्मल आहे म्हण."

मी हो म्हटलं. बस शीळफाट्याला अडकली, सुटली, पुन्हा अडकली. माझा तोपर्यंत प्रेमवर, डॉक्टरांवर, त्या मशीनवर, सगळ्यांवर संशय जाऊन झालेला. आबाच खरे होते, आपल्याला फसवलं, असं वाटायला लागलेलं. घरी पोचले तेव्हा ते टीव्ही बघत होते. मी चप्पलसुद्धा न काढता रिपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आबा, सावली मोठी दिसतेय. कशामुळे ते मला माहीत नाही. डॉक्टरांना भेटायचंय परवा. राजरत्न म्हणत होता तुम्हाला सांगू नको."

त्यांनी टीव्ही बंद केला. रिपोर्ट वाचला, पहिल्या ओळीपासून. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बस. पाणी पी आधी."

दोन दिवसांनी डॉक्टर सोनल म्हणाल्या की ही सूज असण्याचीच शक्यता जास्त आहे, किरण घेतलेल्या फुफ्फुसात असं दिसतं. पण खात्री आज देता येणार नाही, तीन महिने थांबून पेट स्कॅन करू, त्यात कॅन्सर जिवंत असला तर ती जागा चमकते. ते तीन महिने वाईट गेले. खोकला वाढला, औषधाने कमी झाला. आबा मधूनच मला विचारायचे, "तुला काय वाटतं?" मला काहीच कळत नाही, असं मी खरं उत्तर द्यायचे.

पेट स्कॅनमध्ये ती जागा शांत निघाली. गाठीच्या जागी नुसता व्रण. डॉक्टरांनी बरे झालात असं म्हटलं नाही, "सध्या कुठे काही नाही" एवढंच म्हणाल्या. आबांनी तिथल्या तिथे राजरत्नला फोन लावून तेच शब्द सांगितले, एकही न वाढवता. राजरत्न फोनवर रडला. "अरे, कामावर आहेस ना," आबा त्याला म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.

याला आता सव्वा वर्ष होईल. दम आहे तसाच आहे, जिने चढताना हल्ली चारदा थांबतात. हर्नियाला पट्टा बांधतात. गेल्या महिन्यात शेजारच्या गंगुबाई जिन्यात मला हळूच विचारत होत्या की तुझ्या सासऱ्यांना नक्की कसलं दुखणं आहे गं, लोक काय काय बोलतात. मी काही सांगायच्या आत आतून आबांचा आवाज आला, "कॅन्सर झालेला, गंगुबाई. फुफ्फुसाचा. आत या, सांगतो."

त्या आत गेल्या. मी चहा टाकला.