फिल्मच्या डबीतून न गेलेला हार

ईरा आणि निहार,

काल कॉलवर ईरा वैतागली होती. ती नव्यानं नोकरीला लागलेल्या डे-केअरमध्ये म्हणे सेफ्टी पॉलिसीची जाड फाइल वाचून पानापानावर सही करावी लागते. "आजी, हे कोण वाचतं?" असं तिनं विचारलं. तिथे वेळ नव्हता, म्हणून तुम्हा दोघांना लिहून सांगते. ती गोष्ट आठवली की अजून माझा हात कागदावर भरभर चालायला लागतो.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमध्ये मी पाळणाघर चालवत होते. मुलं बहुतेक केंद्र सरकारी नोकरांची, पॉलिसी माझी, आणि त्यातला पहिला नियम एका डबीचा. कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची काळी प्लास्टिकची डबी. तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा साधारण तेवढ्यात मावणाऱ्या वस्तूनं अडतो. म्हणून जे डबीत मावतं, ते मुलांच्या हाती द्यायचं नाही.

दुसरा नियम सोमवारच्या ड्रिलचा, मुलाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं त्याचा. बाहुलीला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच थापा. आमची मदतनीस विमला हसायची. "मैडम, इस गुड़िया ने आपका क्या बिगाड़ा है?"

त्या वर्षी संक्रांतीला पाळणाघराच्या कमिटीतल्या देशमुखबाईंनी बोरन्हाण ठरवलं. बाळांना पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा ओतायचा आणि बाकीच्या मुलांनी ते लुटायचं.

मी ताट पुढ्यात घेऊन डबी काढली. बोर मावलं. ऊस मावला. हलवा, हरभऱ्याचे घाटे, सगळं मावलं.

"वहिनी, आपण सगळे असेच वाढलो ना?" देशमुखबाई म्हणाल्या.

"जे वाढले तेच इथे बसलेत," मी म्हटलं.

"म्हणजे नुसत्या हवेनं न्हाऊ घालायचं का बाळांना?"

शेवटी तोंडात विरघळतात म्हणून चुरमुरे, आणि सोबत झेंडूच्या पाकळ्या पास झाल्या. देशमुखबाई बोरं पिशवीत भरून तरातरा निघून गेल्या. मी मात्र खुशीत होते. नियम जिंकला होता.

समारंभ सुरू झाला. पाटावर दहा महिन्यांची रूही. तिची आई अश्विनी नांदेडची, बदली होऊन नुकतीच आलेली. रूहीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. ते दागिने मी स्वतः ओवले होते. हाराच्या मधोमध साखरेचा पाक चढवलेला अख्खा शेंगदाणा.

चुरमुरे पडले, टाळ्या वाजल्या, सगळे फोटोत गुंतले. रूहीनं हार तोंडात घातला आणि दोरा तुटला.

ती रडली असती तर बरं झालं असतं. आवाजच आला नाही. तोंड उघडं, ओठ निळसर.

अश्विनी बोट घालायला धावली. "उंगली नहीं, दीदी," विमला म्हणाली, कारण बोटानं वस्तू आणखी आत जाते. तिनं रूहीला उचललं आणि हातावर पालथं घेतलं. सोमवारची सवय होती, मी आपोआप थापा मोजायला लागले. एक. दो. तीन.

चौथ्या थापेला शेंगदाणा झेंडूच्या पाकळ्यांत येऊन पडला. मग रूही अशी किंचाळली की शेजारच्या ब्लॉकमधून लोक आले. त्या किंचाळण्याइतकं सुरेल मी आजवर काही ऐकलेलं नाही. आम्ही सगळ्या हसत होतो आणि रडत होतो.

रूहीला डॉक्टरांकडे नेलं. ती ठीक होती. परत येऊन मी इन्सिडेंट रजिस्टर उघडलं. "चूक कोणाची" या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

देशमुखबाई मागून वाचत होत्या. "वहिनी, अहो, हे कशाला लिहिता? मला टोमणा मारायचा होता, तोही घालवलात."

"मारा की."

"बिल्कुल नाही. तो शेंगदाणा मावतो का, तेवढं बघा."

मावला. आरामात. ताटातलं सगळं मी मोजलं होतं. हार मात्र माझ्या लेखी खाऊ नव्हता, दागिना होता. त्या संध्याकाळी नियमात एक ओळ वाढली: अंगावर घातलेलंही डबीच्या मापातून जाईल.

ईरा, तुझ्या फाइलमधल्या ओळी अशाच कुणाच्या तरी चुकीनं वाढल्या असणार. वाच आणि मग सही कर.

पाळणाघर आता विमला चालवते. डबी दाराजवळच्या खिळ्याला आहे, आणि सोमवारी बाहुली अजून मार खाते.