कुंकवाखालचा आकडा

माझ्या सासऱ्यांना माणसं आठवेनाशी झाली त्याला आता दोनेक वर्षं होतील. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातेवाइकांची. सकाळी काय खाल्लं हे दुपारी विचारलं तर ते खिडकीकडे बघत बसतात. पण कॉम्प्युटरपुढे बसले की त्यांची बोटं अडत नाहीत. हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग बसू दे त्यांना तिथेच, त्यासारखं औषध नाही. त्यामुळे गेल्या वर्षी तो कॉम्प्युटर आजारी पडला तेव्हा मी घाबरले. नवऱ्याच्या मते भंगारवाल्याला द्यायची एक वस्तू वाढली होती, एवढंच.

आम्ही ठाणे पूर्वेला कोपरीत तळमजल्यावर राहतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, कल्याणजवळ मोहने गावातल्या कारखान्यात नकाशे काढायचे. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि लग्नपत्रिका जुळवायला लागले. गिऱ्हाईक बहुतेक कोळीवाड्यातलं. त्यांच्या पत्रिकेत देवाच्या नावाखालोखाल घरच्या माणसांची नावं असतात आणि ती पाचपन्नासांवर थांबत नाहीत. आजोबा, आजी, काका, काकू, आत्या, मावश्या, त्यांचे जावई, सगळे मानानं आणि क्रमानं. एखादी आत्या राहिली तर ती हळदीला येत नाही आणि पुढची दहा वर्षं ते ऐकवते. म्हणून बाबांनी प्रत्येक घराची फाईल ठेवली होती. घरात नवं लग्न निघालं की मागची पत्रिका उघडायची, आलेल्या सुना आणि जन्मलेली मुलं घालायची, गेलेल्यांच्या नावाआधी ‘कै.’ लावायचं. लोकांची घरं अशी वीस-बावीस वर्षं त्या डब्यात राहत होती.

तर त्या डब्यातली डिस्क कट्कट् वाजायला लागली. नवा कॉम्प्युटर घेऊन भागणार नव्हतं, कारण बाबांचा तो पत्रिका जुळवायचा प्रोग्राम एका प्लास्टिकच्या किल्लीवर चालतो. ती किल्ली कॉम्प्युटरच्या मागे, जुन्या प्रिंटरसाठी असलेल्या खाचेत लागते, आणि तशी खाच आता कुठल्या कॉम्प्युटरला नसते. प्रोग्राम विकणारे कधीच दुकान बंद करून गेलेत. त्या फाईली दुसरीकडे उघडल्या तर सगळी आत्या-मावशी मंडळी प्रश्नचिन्हं होऊन बसतात. आणि बाबांना या वयात नवं काही शिकवणं म्हणजे सकाळी शिकवायचं आणि दुपारी पहिल्यापासून सुरू करायचं.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळते. त्यामुळे घरात या विषयातली शहाणी मी. नवी डिस्क आणली, शाळेच्या मशीनवर जुनीतलं सगळं तिच्यात उतरवून घेतलं, घरी येऊन जोडली, आणि कॉम्प्युटरमधला मुख्य बोर्ड काही तिला ओळखेना. जुनी लावली की दिसते, नवी लावली की मख्ख. स्टेशनपलीकडच्या रिपेअरवाल्याकडे नेलं. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं आणि हसला. म्हणाला, “मॅडम, याचा बायोस जुना आहे. एवढी मोठी डिस्क त्याला माहीतच नाही. अपडेट मिळाला तर ओळखेल, पण कोण देणार? सोडून द्या.” मला ‘सोडून द्या’ या दोन शब्दांचा फार राग येतो.

बायोस म्हणजे बोर्डाच्या पोटातला मूळ प्रोग्राम. कॉम्प्युटर चालू करताच सगळ्यात आधी जागा होतो तो. तो शोधायला बसले. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाईटवर आमच्या बोर्डाचं नावच नव्हतं. त्यांना ईमेल केला तर उत्तर आलं की या उत्पादनाचा सपोर्ट संपला आहे, आपण आमची नवीन उत्पादनं पाहावीत. बाकी ज्या साईट फाईल देतो म्हणाल्या त्यांनी आधी माझा फोन नंबर मागितला, आणि एकीनं तर माझ्याच लॅपटॉपला व्हायरस दिला. पंधरा दिवस डबा खाताना, रिक्षात, भाजी निवडताना मी हेच करत होते. भेंडी चिरता चिरता जुन्या बोर्डांचे फोटो बघणारी बाई नवऱ्यानं तोवर पाहिली नव्हती.

मध्येच कोळीवाड्यातली एक मावशी आली. बाबांची फार जुनी गिऱ्हाईक, हातात मिठाईचा पुडा. नातीचं लग्न ठरलं होतं. म्हणाली, “भाऊ, आमचे घरची नावा तुमचेच मशीनमदी हान. दुसरीकडं गेली तं एक तरी नाव राहील न मंग वरीसभर भांडान.” बाबांनी सवयीनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काळी स्क्रीन, आणि आतून कट्कट्. त्यांनी परत दाबलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “अगं, मी काही विसरलो का?” मी म्हटलं, “नाही बाबा, मशीनच बिघडलंय.” त्यांना ते पटलं नाही. सगळं आपल्याच हातून सांडतं असं त्यांना वाटायला लागलं होतं, आणि ते बघणं मला सोसत नव्हतं.

शेवटी जुन्या बोर्डांचा नाद असलेल्या लोकांच्या एका फोरमवर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. पत्रिका, आत्या, कै., सगळं. चार दिवसांनी एका परदेशी गृहस्थाचं उत्तर आलं. त्याच्याकडे फाईल होती. कंपनीनं साईटवरून काढून टाकायच्या आधी त्यानं सगळ्या फाईली उतरवून ठेवल्या होत्या, कुणाला कधी लागतील म्हणून. माझा त्याचा काय संबंध? तरी त्यानं कसं करायचं तेही पायरी-पायरीनं लिहून दिलं. खाली एक सूचना होती: या नावाचे दोन बोर्ड आहेत, एक पहिल्या रिव्हिजनचा, म्हणजे आवृत्तीचा, आणि एक दुसऱ्या. दोघांच्या फाईली वेगळ्या. चुकीची टाकलीत तर बोर्ड कायमचा मरेल. आकडा बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला असतो.

माझा स्वभाव उतावळा. बोर्डाचा मूळ खोका माळ्यावर होता, बाबा खोके टाकत नाहीत. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, रिव्हिजन एक. मी पहिली फाईल शाळेच्या कपाटातून आणलेल्या फ्लॉपीवर घातली. शुक्रवारी आमच्याकडे कधीही लाईट जाते, आणि काम चालू असताना लाईट गेली तरी बोर्ड मरतो, म्हणून रविवार धरला. फ्लॉपी आत घालण्याआधी, त्या माणसानं एवढं बजावलंय तर निदान बघून घेऊ, म्हणून झाकण उघडलं.

कोपरा दिसेचना. तिथे हळदीकुंकवाचा जाड पापुद्रा होता. बाबा दर खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करतात हे मला माहीत होतं. बाहेरून फूल वाहिलेलं दिसायचं. पण ते झाकण उघडून खुद्द बोर्डालाच बोट लावतात हे मला माहीत नव्हतं. कारखान्यातली सवय. तिथे मशीनच्या पत्र्याला नाही, आतल्या धडाला कुंकू लावायचे. रिकामी जागा म्हणून त्यांनी नेमका तो कोपरा निवडला होता, आणि वीसेक खंडेनवम्या एकावर एक बसल्या होत्या.

मी जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन खरवडायला लागले. बाबा मागे येऊन उभे राहिले. “पूजेचं पुसतेस?” त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी म्हटलं, “खाली नंबर आहे, तो बघते. परत लावू आपण.” ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि बॅटरी धरली. पिवळं गेलं, लाल गेलं, आणि खालून आकडा आला. दोन.

मी खोका ओढून परत वाचला, त्यावर तर एक लिहिलेलं. मग बाबाच सावकाश म्हणाले, “पहिला बोर्ड महिन्याभरात जळलेला. दुकानदारानं बदलून दिला. खोका तोच राहिला.” परवाचं आठवत नाही आणि हे आठवतं. मी त्यांच्यावर वैतागणार होते, पण त्यांना एवढं आठवल्याचाच मला आनंद झाला.

फाईल बदलली. पाच मिनिटं स्क्रीनवर पांढरे ठिपके सरकत होते आणि मी देवाधर्मातली नसूनही हात जोडून बसले होते. मशीन परत सुरू झालं आणि त्यानं नवी डिस्क ओळखली. मावशीच्या नातीची पत्रिका त्या आठवड्यात झाली, एकशे बारा नावांची. एकही राहिलं नाही.

त्यानंतरची एक दुपार. बाबा काम करत होते, मी शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी वळून पाहिलं, चष्मा नीट केला आणि अदबीनं म्हणाले, “या. मुलाकडच्या की मुलीकडच्या?” मला वाटलं गंमत करतायत. मग त्यांचे डोळे पाहिले. मी म्हटलं, “मुलाकडची.” त्यांनी आडनाव विचारलं. मी आमचंच सांगितलं.

बोटं भराभर चालली. आमच्या घराची फाईल उघडली. “हे मी,” ते बोट ठेवत म्हणाले. “ही आमची मंडळी, आता नाही. हा मुलगा. आणि ही सून.” बोट माझ्या नावावर थांबलं. “डोंबिवलीला शाळेत असते. हे मशीन बंद पडलेलं, सगळे म्हणाले टाकून द्या. हिनं नाही टाकू दिलं.”

“चांगली आहे म्हणायची,” मी कसंबसं म्हटलं.

“चांगलीच आहे.” मग ते जरा पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. “चहा मात्र फार गोड करते. पण मी पितो. तिला सांगू नका.”

मी म्हटलं, “नाही सांगत.”